नाव झाकून बोला

इस्पितळात त्यांना सगळे 'पुरावेवाले' म्हणत. तोंडावर 'सर' आणि पाठ फिरली की 'पुरावेवाले', अशी ती रीतसर वाटणी होती आणि ती त्यांना पक्की ठाऊक होती. राग म्हणाल तर येत नसे. आपलं नाव योग्य कारणासाठी खराब होतंय, याचं उलट थोडं समाधानच वाटे. मेडिसिन विभागात ते सहयोगी प्राध्यापक होते. राउंडला एखादा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, म्हणाला, "सर, यांना हे इंजेक्शन सुरू करू या," की पुरावेवाले चष्मा कपाळावर ढकलून विचारत, "पुरावा काय?" घरी बायको म्हणाली, "अहो, मिक्सरमधून जळका वास येतोय," तरी तोंडातून तेच निघे. फरक इतकाच की घरी उत्तर ऐकायला थांबण्यात शहाणपणा नव्हता.

तर अशा माणसाच्या मनात एकदा जर्नल क्लब काढायचं आलं. शिकाऊ डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा जमायचं, एक शोधनिबंध घ्यायचा आणि शिवण उसवावी तसा उसवून बघायचा. रुग्ण किती होते, तुलना कोणाशी केली, मधेच किती जण सोडून गेले, आणि एवढं सगळं खरं धरलं तरी आपल्या वॉर्डातल्या माणसाला त्याचा उपयोग काय? कल्पना साधी होती. साध्या कल्पनांनीच आजवर पुरावेवाल्यांना खड्ड्यात घातलेलं होतं, पण हा पुरावा त्यांनी कधी विचारात घेतला नव्हता.

विभागप्रमुख म्हणजे मोठे सर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करून बघा. सत्र संपेपर्यंत मुलं यायला लागली तर कायमचं करू. नाही तर तो तास औषध कंपनीवाले मागतायत. ते जेवणही देतात." जेवणाचा उल्लेख करताना मोठ्या सरांचा आवाज जरा मऊ झाला, हे पुरावेवाल्यांना फार लागलं. त्याच क्षणी त्यांनी मनाशी ठरवलं की हा तास काही झालं तरी जेवणाच्या घशात जाऊ द्यायचा नाही.

आता जागा हवी. पुरावेवाले हॉल मागायला कार्यालयात गेले.

"व्याख्यान की बैठक?" हेडक्लार्कने मान वर न करता विचारलं.

"तसं दोन्ही नाही. जर्नल क्लब."

"व्याख्यान असेल तर वक्त्याचं नाव सांगा."

"वक्ता नसतो. सगळेच बोलतात."

"म्हणजे बैठक. ठराव कोण मांडणार?"

"ठराव नसतो हो. आम्ही लेखातल्या चुका काढतो."

"कोणाच्या लेखातल्या?"

"कोणाच्याही."

हेडक्लार्कने आता मान वर केली. "मग सरळ चौकशी समिती म्हणा ना साहेब. तिला वरून मंजुरी लागते."

वरून मंजुरी यायला लागणाऱ्या काळात सत्रच काय, एखादी नोकरीसुद्धा संपली असती. शेवटी हेडक्लार्कलाच दया आली. गुरुवार दुपारचा हॉल 'अग्निशमन प्रशिक्षण' या नावाने कित्येक वर्षं राखून ठेवलेला होता आणि ते प्रशिक्षण कधीच झालेलं नव्हतं. "तुम्ही त्यात बसा," तो म्हणाला. "फक्त नियमाप्रमाणे फायरमन हजर पाहिजे." अशा रीतीने पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकशास्त्राची सुरुवात एका फायरमनच्या साक्षीने झाली. तो शेवटच्या रांगेत लाल सिलिंडर मांडीशी घेऊन बसे आणि पहिली आकडेवारी पडद्यावर आली की झोपी जाई. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण पुढच्या रांगांमध्ये फारसं वेगळं काही चाललेलं नसे.

येणारी मुलंही मोजकीच. आणि आलेली मुलं बोलत नसत. एकजण उभा राहून लेख वाचून दाखवी आणि शेवटी म्हणे, "निष्कर्ष बरोबर आहे, सर." का बरोबर आहे? तर लेखक मोठ्या विद्यापीठातला आहे, सर. आणि लेख लहानशा कॉलेजातला असला तर? तर तो चुकीचा आहे, सर. पुरावेवाल्यांनी डोकं धरलं.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर, ज्यांना अख्खी बिल्डिंग मॅनेजरकाका म्हणे, ते जिन्यातच म्हणाले, "हजेरी लावा. सही केल्याशिवाय कोणाला जागचं हलू द्यायचं नाही." पुरावेवाल्यांनी हजेरी लावली. त्या गुरुवारी कागदावर पूर्ण विभाग उपस्थित होता आणि हॉलमध्ये खुर्च्या होत्या. त्यांच्या आईचं मत वेगळं होतं. "पोरं दमलेली असतात रे. त्यांना जरा बसू दे, झोपू दे." त्यांना बसायला-झोपायला मिळतच होतं, हे आईला कसं सांगणार? बायकोने तर विषय एका वाक्यात मिटवला. "तुम्ही फार बोलता, म्हणून ती बोलत नाहीत." या विधानालाही पुरावा विचारायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं.

मार्ग सापडला तो चहात. त्याचं असं झालं की घरात चहा चांगला कोण करतं, हा प्रश्न लग्नापासून मिटलेला नव्हता. मॅनेजरकाका रोज संध्याकाळी येत आणि आई समोर असली की म्हणत, "चहा करावा तर आईंनी." आई देवघरात गेली की म्हणत, "वहिनी, तुमच्या हाताला जी चव आहे ना..." पुरावेवाल्यांना हा भोंदूपणा सहन होईना. एका रविवारी त्यांनी दोघींकडून चहा करून घेतला, एकसारख्या कपांत ओतला, कपांच्या तळाला चिकटपट्ट्या लावल्या आणि कप काकांपुढे ठेवले. कोणता कोणाचा, हे फक्त तळाला ठाऊक.

काकांनी एक घोट घेतला. दुसऱ्या कपातला घेतला. नाव दिसत नाही म्हटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर कसली मोकळीक येते, ते पुरावेवाल्यांनी त्या दिवशी पाहिलं. "खरं सांगू?" काका म्हणाले. "दोन्ही बेचव. दोन्हीत साखर बदाबदा आणि पत्तीच्या नावाने बोंब. इतकी वर्षं कसा प्यायलो, मलाच कळत नाही."

आई आणि बायको यांच्यात लग्नानंतर पहिल्यांदाच संपूर्ण एकमत झालं. पुढचे कित्येक दिवस पुरावेवाले स्वतःचा चहा स्वतः करत होते आणि मॅनेजरकाका जिन्यात त्यांना बघून पायऱ्या दोन-दोन करून उतरत होते. "नाव झाकलं की माणूस किती खरं बोलतो ते बघितलंत ना?" बायको म्हणाली. "आता तरी गप्प बसा." पण पुरावेवाल्यांनी पहिलंच वाक्य ऐकलं. दुसरं कानावर पडेपर्यंत ते उठून कागद शोधायला लागले होते.

नियम असा केला. लेख मांडणाऱ्याने लेखक, कॉलेज, नियतकालिक, सगळं काळ्या शाईने बुजवून आणायचं. नाव फक्त मांडणाऱ्याला माहीत. खुद्द पुरावेवाल्यांनाही नाही. तासाच्या शेवटी मात्र मूळ पान पडद्यावर दाखवायचं, म्हणजे आपण कोणाला धुतलं ते सगळ्यांना कळेल. आणि काय सांगावं, मुलं बोलायला लागली! ज्यांनी वर्षभर "होय सर" पलीकडे शब्द उच्चारला नव्हता, ती जगातल्या थोर थोर विद्यापीठांचे कपडे उतरवू लागली. शेवटी नाव दिसलं की हॉलमध्ये शिट्टी वाजे आणि फायरमन दचकून सिलिंडर सावरी. खुर्च्या भरत होत्या. पुरावेवाले हल्ली कॉरिडॉरमधून जरा छाती काढून चालत. औषध कंपनीचा प्रतिनिधी समोरून आला की ते मुद्दाम थांबून त्याची चौकशी करत.

सत्राचा शेवटचा गुरुवार उजाडला. लेख मांडायची पाळी 'मौनी'ची होती. ही दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, हुशार, पण इतकी अबोल की राउंडला तिच्या गप्प बसण्यावरून कोणता पेशंट गंभीर आहे ते ओळखावं लागे. पुरावेवाल्यांनी तिला सांगितलं होतं, "ग्रंथालयातल्या जुन्या गठ्ठ्यातला एखादा छोटा लेख घे. नावाकडे बघूच नको, पद्धत बघ." तिने अक्षरशः तसंच केलं होतं.

ती हॉलच्या दारात उभी राहून लॅपटॉपची वायर हातात पिळत होती. "सर," ती म्हणाली, "आज लेख बदलू या का? माझ्याकडे दुसरा आहे."

"का? काय झालं?"

"नाही... म्हणजे... मोठे सर आलेत."

पुरावेवाल्यांनी आत डोकावलं. खरंच, पहिल्या रांगेत मधोमध मोठे सर बसले होते. न सांगता आले होते. आज निकाल लागणार होता. पुरावेवाल्यांची छाती भरून आली.

"अगं, हीच तर संधी आहे! अजिबात घाबरायचं नाही."

"सर, भीती नाही, पण हा लेख..."

"मोठे सर माणूस खात नाहीत. बोल तू. दणकून बोल!" असं म्हणून त्यांनी तिला जवळजवळ ढकलतच आत नेलं. वर्षअखेरीस तिच्या परीक्षेला परीक्षक मोठे सरच असणार होते, ते आठवून त्यांनी तिच्या खांद्यावर आश्वासक थोपटलंसुद्धा. एवढा आत्मविश्वास त्यांना पुढे बरेच दिवस लाभला नाही.

लेख असा होता. जुन्या खोकल्याच्या रुग्णांनी वॉर्डात रोज फुगे फुगवले तर ते लवकर घरी जातात. एका गटाला फुगे, दुसऱ्याला नाहीत. फुगेवाले लवकर घरी गेले, म्हणून सर्व रुग्णांना फुगे द्यावेत, असा निष्कर्ष. मौनी खालमानेने बोलत होती, पण मुलं तयारच होती. कोणी म्हणालं, फुगेवाले सगळे तरुण होते. कोणी म्हणालं, गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते. तोच एकाने पान तीनवरची ओळ दाखवली. ज्यांना फुगा फुगवता आला नाही, त्यांना उचलून दुसऱ्या गटात टाकलं होतं.

मोठे सर खुर्चीत पुढे सरकले. "काय? परत वाच."

त्याने परत वाचलं.

मोठ्या सरांना हसू आवरेना. "म्हणजे ज्याला दम आहे तो फुग्यात आणि ज्याला दम नाही तो तुलनेत! अरे, हा अभ्यास आहे की निवड चाचणी? कोण हा पठ्ठ्या? याला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवा!" ते उठले, फळ्यापाशी गेले आणि खडूने चुका लिहू लागले. विभागप्रमुखांना इतकं रंगलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मुलं टाळ्या वाजवत होती. पुरावेवाल्यांना वाटलं, आपला क्लब आता दगडात कोरला गेला.

त्याच वेळी मौनी प्रोजेक्टर नीट करण्याच्या निमित्ताने त्यांच्या कानाशी वाकली. "सर, काळं करताना मी शेवटचं नाव वाचलं. ते मोठ्या सरांचं आहे."

पुरावेवाल्यांच्या मनात पहिला विचार क्लबचा आला, दुसरा या मुलीच्या परीक्षेचा. मग दुसरा पहिल्याच्या पुढे गेला, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे. ते उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाईट लेखाची बाजू घ्यायला लागले.

"सर, मला वाटतं, त्या काळच्या मानाने अभ्यास ठीक आहे," ते म्हणाले. "साधनं कमी होती. हेतू चांगला असावा..."

मोठे सर खडू हातात धरून वळले. "हेतू? तुम्ही विचारताय हेतू? पुरावा काय हेतूचा?"

आपलंच वाक्य आपल्या अंगावर किती जोरात येतं, याचा अनुभव पुरावेवाल्यांना नव्हता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि शेवटी त्यांची नजर मागच्या रांगेत घोरणाऱ्या फायरमनवर गेली. बुडत्या माणसाच्या चपळाईने ते म्हणाले, "वेळ संपत आलीय. हा तास मुळात अग्निशमन प्रशिक्षणाचा आहे. नियमाप्रमाणे कवायत व्हायला हवी. अहो फायरमन!"

फायरमन खडबडून उठला. आपल्याला कधी कोणी बोलावेल, ही आशा त्याने केव्हाच सोडली होती. "चला, एका रांगेत!" तो ओरडला. "धावायचं नाही! लिफ्ट वापरायची नाही!" त्याचा आवाज असा काही लागला की भावी डॉक्टर खरोखरच रांग लावून दाराकडे निघाले. पाच-सहा जण तर जिन्यापर्यंत पोचले. खालच्या मजल्यावरून कोणीतरी "कुठे लागली?" असं विचारत वर आलं. हेडक्लार्कही आला, आणि प्रशिक्षण प्रत्यक्ष होताना बघून त्याला गहिवरून आल्यासारखं दिसलं.

मोठे सर मात्र फळ्यापाशीच उभे होते. "नाव दाखवा," ते म्हणाले. "मग जळायला मी मोकळा आहे."

रांग थांबली. सगळे परत आत आले. पुरावेवाले म्हणाले, "सर, आजच्यापुरतं नाव राहू दे."

"का? नियम तुमचाच ना?"

पुरावेवाल्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. सबंध सत्र या मुलांना नावाला भ्यायचं नाही म्हणून शिकवलं, आणि घाबरला कोण, तर आपण. ते मौनीकडे वळले. तिने त्यांच्या होकाराची वाट पाहिली नाही. तिने बटण दाबलं.

पडद्यावर मूळ पान आलं. चार नावं होती. शेवटचं मोठ्या सरांचं.

कोणी शिट्टी वाजवली नाही. मोठे सर पडद्याजवळ गेले आणि आपलं नाव त्यांनी बराच वेळ वाचलं, जणू स्पेलिंग तपासतायत. मग ते वळले. "हो, हा माझा आहे," ते म्हणाले. "आणि मी हा आज पहिल्यांदा ऐकला. विभागातून जे काही छापायला जाईल, त्यावर शेवटी प्रमुखाचं नाव घालतात. मी न वाचताच सही केली असणार." मग ते मौनीला म्हणाले, "तुझा एक मुद्दा राहिला होता. मी मधेच फळ्याकडे गेलो. बोल."

मौनीने पडद्यावरचं पान खाली सरकवलं. "सर, जे मधेच निघून गेले, त्यांना बरे झाले असं धरलंय. त्यातले एक जण दुसऱ्या वॉर्डात वारले. ते खाली बारीक अक्षरात दिलंय."

मोठे सर खाली बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बारीक अक्षर मी वाचायला हवं होतं," ते म्हणाले. "चांगलं बोललीस. परीक्षेत असंच बोल. न बोललीस तर मार्क कापीन." मग त्यांनी हळूच मान फिरवली. "आणि तुमचा एक लेख माझ्या टेबलावर पडलाय ना? त्या पायांच्या सुजेवरचा. सहीसाठी."

"हो सर," पुरावेवाले म्हणाले.

"शेवटचं नाव कोणाचं घातलंत?"

पुरावेवाल्यांचे कान तापले. "तुमचं, सर."

"ते काढा. आणि येत्या गुरुवारी लेख इथे आणा. क्लब कायम झाला, असं समजा."

पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सर्जरीचे रेसिडेंट आले होते, बालरोगचे आले होते, आणि औषध कंपनीचा प्रतिनिधीसुद्धा भिंतीला टेकून उभा होता. नावं काळ्या शाईने झाकलेली होती. लेखक कोण हे अख्ख्या इस्पितळाला ठाऊक होतं आणि तो पहिल्या रांगेत मोठ्या सरांशेजारी पाय आवळून बसला होता. मौनी उभी राहिली. "लेखक माहीत नसल्यामुळे मी मोकळेपणाने बोलते," ती म्हणाली, आणि हॉल हसून कोसळला. पुरावेवालेही हसले, जरा उशिरा.

मग तिने पहिला आक्षेप घेतला. या लेखावर त्यांनी दोन वर्षं घालवली होती, आणि आक्षेप बरोबर होता. पण कुठूनतरी असा काही अभिमान वर आला की त्यांना बसवेना. मोठ्या सरांपुढे या माणसावर दुसरा आक्षेप कोण घेणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पुरावेवाल्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि हात वर केला.

"पान चार बघा," ते म्हणाले. "तिथे तर लेखकाने कमालच केलीय."